नाका नसलेला व्यापार

३० जून २०१७ च्या मध्यरात्री मुंबईचे जकात नाके बंद झाले. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द या वेशींवर वर्षानुवर्षे ट्रकांच्या रांगा लागत. चालक मालाची बिले घेऊन खिडकीशी जाई, माल तपासला जाई, जकात भरून पावती हातात पडे आणि मगच गाडी शहरात शिरे. महापालिकेच्या तिजोरीत सर्वांत मोठी भर याच नाक्यांवरून पडत होती. जकातीबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या, पण तिच्यामागचा हिशेब कोणालाही समजण्यासारखा होता. माल डोळ्यांना दिसतो, हद्दीवर अडवता येतो, म्हणून त्यावर कर घेता येतो.

त्याच मध्यरात्री देशभर वस्तू आणि सेवा कर लागू झाला. त्यातल्या एकात्मिक कराच्या कायद्यात चौदावे कलम आहे. भारतात ज्याचे दुकान नाही, गोदाम नाही, एकही नोकर नाही, अशा परदेशी विक्रेत्याने इथल्या घरगुती ग्राहकाला गाणी, चित्रपट, सॉफ्टवेअर, ई-पुस्तक किंवा क्लाउडवरची जागा विकली, तर त्याने भारतात नोंदणी करून कर भरला पाहिजे, असे हे कलम सांगते. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या मालाचा नाका ज्या रात्री उठला, त्याच रात्री न दिसणाऱ्या मालाचा नाका नव्या कराच्या कागदावर उभा राहिला.

कागदावरचा हा नाका प्रत्यक्षात चालवायचा कसा? हद्द ओलांडताना ज्या व्यवहाराला कोणी पाहत नाही, त्यातला कर कोणाचा? ग्राहकाच्या देशाचा, की कंपनीच्या देशाचा? या प्रश्नाने गेली दहा-बारा वर्षे जगभरातल्या अर्थमंत्र्यांना आणि कर अधिकाऱ्यांना एकाच टेबलाभोवती बसायला लावले आहे.

कोलकात्यातला फुलांचा व्यवसाय

प्रश्न नेमका कुठे आहे हे समजून घ्यायला कोलकात्यातला एक खटला फार उपयोगी पडतो. राइट फ्लोरिस्ट्स ही तिथली फुले विकणारी कंपनी. इंटरनेटवर कोणी फुलांचा शोध घेतला की आपले नाव दिसावे, म्हणून तिने गूगल आणि याहू यांना जाहिरातीचे पैसे दिले. रक्कम सुमारे ३० लाख रुपये होती. गूगलच्या वाट्याचे पैसे आयर्लंडमधल्या गूगल कंपनीला गेले, याहूच्या वाट्याचे अमेरिकेला.

आयकर अधिकाऱ्याने विचारले, परदेशी कंपनीला पैसे देताना उद्गम कर का कापला नाही? कर कापला नाही म्हणून हा खर्च हिशेबात धरता येणार नाही, असे म्हणून त्याने तो नामंजूर केला. प्रकरण आयकर अपील न्यायाधिकरणाच्या कोलकाता खंडपीठापुढे गेले आणि २०१३ मध्ये निकाल लागला. न्यायाधिकरण म्हणाले, या दोन्ही परदेशी कंपन्यांची भारतात कायमस्वरूपी आस्थापना नाही. नुसती वेबसाइट म्हणजे आस्थापना होत नाही. सर्व्हर भारतात असता तर गोष्ट वेगळी झाली असती, पण तो इथे नव्हता. त्यामुळे या उत्पन्नावर भारतात कर लागत नाही. मुंबईतल्या पिनस्टॉर्म टेक्नॉलॉजीज या जाहिरात क्षेत्रातल्या कंपनीच्या प्रकरणातही मुंबई खंडपीठाचा निकाल याच दिशेचा होता.

फुले कोलकात्यातली, गिऱ्हाईक भारतातले, जाहिरात पाहणारा भारतातला, पैसे देणाराही भारतातला. तरीही त्या पैशातून झालेल्या नफ्यावर भारताचा हक्क नाही, असे कायद्याने ठरले. निकाल देणाऱ्यांनी कायदा बरोबरच वाचला होता. आस्थापना ओळखण्याच्या जुन्या कसोट्या या आभासी जगात अपुऱ्या पडतात, हे त्यांनी निकालपत्रातच नोंदवले. अडचण कायद्यात होती, आणि तो कायदा एकट्या भारताने लिहिलेला नव्हता.

शंभर वर्षांपूर्वीची वाटणी

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या देशांनी आयकराचे दर बरेच वाढवले होते. एका देशात राहून दुसऱ्या देशात धंदा करणाऱ्याकडून दोन्ही देश कर मागू लागले. व्यापाराला हे परवडणारे नव्हते. तेव्हा राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांना तोडगा सुचवायला सांगितले. रॉटरडॅमचे ब्राउन्स, कोलंबिया विद्यापीठाचे सेलिगमन, लंडनचे सर जोसाया स्टॅम्प आणि पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झालेले लुइजी आयनाउदी हे ते चौघे. त्यांचा अहवाल १९२३ मध्ये आला आणि १९२८ मध्ये दोन देशांत दुहेरी कर टाळण्यासाठीच्या कराराचे पहिले नमुने तयार झाले.

त्यातून रूढ झालेली वाटणी आजही बहुतेक करारांचा पाया आहे. कंपनीच्या नफ्यावर तिच्या मूळ देशाने कर घ्यावा. दुसऱ्या देशाला हक्क हवा असेल, तर त्या देशात कंपनीची कायमस्वरूपी आस्थापना हवी. आस्थापना म्हणजे कारखाना, शाखा, कचेरी, खाण, किंवा कंपनीच्या वतीने करार करणारा प्रतिनिधी. धंदा करायचा तर जागा लागतेच, असे तेव्हाचे जग होते. कापडगिरणीला भिंती लागत, विमा कंपनीला कचेरी लागे, तेल कंपनीला टाक्या लागत. त्यामुळे ही कसोटी त्या काळाला शोभणारी होती.

आता कोट्यवधी लोकांशी रोज व्यवहार करणाऱ्या कंपनीला त्यांच्या देशात एक खोलीही भाड्याने घ्यावी लागत नाही. शिवाय तो ग्राहक नुसता ग्राहक उरलेला नाही. तो काय शोधतो, कुठे थांबतो, कशावर बोट ठेवतो, या माहितीवरच जाहिरातीचा भाव ठरतो. म्हणजे नफा घडवण्यात त्याचाही हात असतो, आणि १९२८ च्या वाटणीत या हाताला जागाच नाही. भारतासारख्या मोठ्या बाजारपेठांचा मुख्य मुद्दा हाच आहे.

आयर्लंडला गेलेले पैसे पुढे कुठे जातात?

कोलकात्याचे पैसे आयर्लंडला का गेले, याचे उत्तर या प्रश्नाची दुसरी बाजू उघड करते. गूगलची अमेरिकेबाहेरची जाहिरातीची कमाई बराच काळ आयर्लंडमधल्या कंपनीकडे जमा होई. ती कंपनी स्वामित्वशुल्क म्हणून मोठी रक्कम नेदरलँड्समधल्या कंपनीला देई. तिथून पैसे आयर्लंडमध्येच नोंदलेल्या, पण कारभार बर्म्युडातून चालणाऱ्या तिसऱ्या कंपनीकडे जात. बर्म्युडात तेव्हा कंपन्यांच्या नफ्यावर कर नव्हता. नेदरलँड्समार्गे बर्म्युडाकडे २०१७ या एका वर्षात १९.९ अब्ज युरो गेले. यातले काहीही बेकायदा नव्हते. आयर्लंडने २०१५ पासून ही वाट नव्या कंपन्यांना बंद केली आणि जुन्यांना २०२० च्या अखेरपर्यंत मुदत दिली.

अॅपलची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१६ मध्ये युरोपीय आयोगाने जाहीर केले, की आयर्लंडने दिलेल्या खास सवलतींमुळे अॅपलच्या एका कंपनीवर २०१४ मध्ये पडलेला प्रत्यक्ष कर ०.००५ टक्के होता. म्हणजे दहा लाख युरोंच्या नफ्यावर पन्नास युरो. आयोगाने १३ अब्ज युरो वसूल करण्याचा आदेश दिला. आयर्लंड आणि अॅपल दोघेही त्याविरुद्ध लढले. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने आयोगाचा आदेश कायम केला. ज्या देशाला एवढा कर मिळणार होता, तो देशच तो नको म्हणून न्यायालयात उभा होता. आपण कर वाढवला तर कंपन्या शेजारी जातील, ही भीती प्रत्येक छोट्या देशाला वाटते आणि मग सगळेच एकमेकांच्या पुढे जाऊन दर खाली आणतात. नफा असा इकडून तिकडे हलवल्यामुळे जगातल्या सरकारांचे वर्षाला १०० ते २४० अब्ज डॉलर बुडतात, असा श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेचा अंदाज होता.

भारताने काढलेली वाट

ओईसीडी आणि जी-२० यांनी २०१३ मध्ये या प्रश्नाला हात घातला. पंधरा कलमी कार्यक्रम ठरला आणि पहिले कलमच डिजिटल अर्थव्यवस्थेचे होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये अंतिम अहवाल आले. बाकीच्या कलमांवर बरीच एकवाक्यता झाली, पहिल्या कलमावर झाली नाही.

भारत थांबला नाही. अखिलेश रंजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून १ जून २०१६ पासून समानीकरण शुल्क लागू झाले. वर्तमानपत्रांनी त्याला 'गूगल टॅक्स' म्हटले. भारतातल्या व्यावसायिकाने परदेशी कंपनीला ऑनलाइन जाहिरातीसाठी वर्षात एक लाखाहून अधिक रुपये दिले, तर त्यातले ६ टक्के कापून सरकारकडे भरायचे. खुबी अशी, की हे शुल्क आयकर कायद्यात न घालता २०१६ च्या वित्त कायद्याच्या वेगळ्या प्रकरणात घातले. करार फक्त आयकराला लागू होतात. शुल्क आयकर नसल्यामुळे करारातली आस्थापनेची अट त्याला आड येत नव्हती. पहिल्या वर्षी सुमारे ३४० कोटी रुपये जमा झाले. १ एप्रिल २०२० पासून परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांच्या विक्रीवरही २ टक्के शुल्क बसले आणि त्या आर्थिक वर्षात एकूण वसुली दोन हजार कोटींच्या पुढे गेली.

दुसरे पाऊल आयकर कायद्यातच होते. २०१८ मध्ये 'लक्षणीय आर्थिक अस्तित्व' ही कल्पना त्यात आली. भारतातली उलाढाल दोन कोटी रुपयांच्या वर, किंवा भारतातले वापरकर्ते तीन लाखांच्या वर, तर कचेरी असो वा नसो, कंपनीचे इथे अस्तित्व आहे असे धरायचे. कल्पना नेमकी आहे. पण करार करदात्याला अधिक फायद्याचा असेल तर करारच चालतो. त्यामुळे करार असलेल्या देशांतल्या कंपन्यांना ही तरतूद लागू पडत नाही.

इतर देशही याच वाटेने निघाले. फ्रान्सने २०१९ मध्ये ३ टक्के, ब्रिटनने २०२० मध्ये २ टक्के डिजिटल कर लावला. अशा करांविरुद्धचे आक्षेपही खरे आहेत आणि ते नीट ऐकले पाहिजेत. हा कर नफ्यावर न बसता उलाढालीवर बसतो, म्हणून तोट्यातल्या कंपनीलाही तो भरावा लागतो. शिवाय भार शेवटी कोण उचलतो? ब्रिटनमध्ये कर आला तेव्हा गूगलने तिथल्या जाहिरातदारांच्या बिलात २ टक्के अधिभार जोडला. तिजोरीत आलेला पैसा छोट्या दुकानदाराच्या खिशातून आला असेल, तर न्याय झाला असे म्हणता येत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी ठरली. या कंपन्या बहुतेक अमेरिकेतल्या आहेत. अमेरिकेने चौकशी करून भारताचे शुल्क भेदभाव करणारे ठरवले आणि जून २०२१ मध्ये भारतीय मालावर २५ टक्के जादा आयात शुल्क जाहीर केले. वाटाघाटींसाठी त्याची अंमलबजावणी मात्र लगेच थांबवली. पुढे भारताने २ टक्क्यांचे शुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून आणि ६ टक्क्यांचे १ एप्रिल २०२५ पासून रद्द केले. कॅनडाचा अनुभव तर ताजाच आहे. २७ जून २०२५ रोजी अमेरिकेने व्यापारविषयक बोलणी तोडल्याचे जाहीर केले आणि दोन दिवसांत कॅनडाने आपला डिजिटल कर मागे घेतला. एकट्याने उभारलेला नाका किती टिकतो, ते यातून स्पष्ट होते.

एकशे छत्तीस देशांची सही

८ ऑक्टोबर २०२१ रोजी १४० पैकी १३६ देशांनी एका तोडग्याला मान्यता दिली. केनिया, नायजेरिया, पाकिस्तान आणि श्रीलंका बाहेर राहिले. तोडग्याचे दोन भाग होते, त्यांना स्तंभ म्हणतात.

पहिला स्तंभ वाटणीचा. ज्या कंपनीची जागतिक उलाढाल २० अब्ज युरोंच्या वर आणि नफा १० टक्क्यांच्या वर, तिच्या १० टक्क्यांपलीकडच्या नफ्यातला पाव हिस्सा ग्राहकांच्या देशांत वाटायचा, मग तिथे कचेरी असो वा नसो. १९२८ ची वाटणी पहिल्यांदाच मोडणार होती. दुसरा स्तंभ किमान कराचा. ७५ कोटी युरोंच्या वर उलाढाल असलेल्या कंपनीने प्रत्येक देशात निदान १५ टक्के कर भरावा. एखाद्या देशाने कमी घेतला, तर उरलेला दुसऱ्या देशाने घ्यावा. म्हणजे दर खाली आणण्याच्या शर्यतीत काही हशील उरू नये.

दुसरा स्तंभ बऱ्याच देशांच्या कायद्यात आला. पहिला अडला. त्यासाठीच्या बहुपक्षीय कराराची अट अशी, की किमान ३० देशांनी तो मंजूर करावा आणि कक्षेतल्या मोठ्या कंपन्यांपैकी ६० टक्के कंपन्यांचे मूळ देश त्यांत असावेत. अमेरिकेशिवाय हे गणित सुटत नाही, आणि तिथे असा करार सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतांनी मंजूर व्हावा लागतो. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी या तोडग्याला अमेरिकेत काही बळ नाही असे जाहीर केले. त्याच वर्षी जूनमध्ये जी-७ देशांनी अमेरिकी कंपन्यांना किमान कराच्या मुख्य नियमांतून वगळण्याची भूमिका मान्य केली.

गाजावाजा न होणारे काम

एवढे वाचून सहकार्य ही फक्त परिषदांपुरती गोष्ट आहे, असे वाटेल. ते खरे नाही. मोठे करार अडले, तरी खालच्या पातळीवरचे काम पुढे गेले आहे, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते.

कर अधिकाऱ्याची पहिली गरज माहितीची असते. परस्पर प्रशासकीय साहाय्याचा बहुपक्षीय करार भारताला २०१२ पासून लागू आहे. २०१७ पासून देश एकमेकांना बँक खात्यांची माहिती ठरलेल्या नमुन्यात आपोआप पाठवू लागले, त्यात भारत पहिल्या तुकडीत होता. गुप्ततेसाठी प्रसिद्ध असलेल्या स्वित्झर्लंडनेही सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीयांच्या खात्यांची माहिती या पद्धतीने पहिल्यांदा दिली. मोठ्या कंपन्यांना आता कोणत्या देशात किती उलाढाल, किती नफा, किती कर आणि किती नोकर, याचा देशवार तक्ता द्यावा लागतो आणि तो संबंधित देशांत वाटला जातो. एखाद्या बेटावर नफा अब्जावधींचा आणि नोकर दोन-चार, हे आता एका ओळीत दिसते. अनुभवी अधिकारी दुसऱ्या देशात जाऊन तिथल्या सहकाऱ्यांना लेखापरीक्षण शिकवतात. भारताने असे साहाय्य भूतानला दिले आहे.

आणि चौदावे कलम? तो नाका खरोखर चालतो. परदेशी कंपनीकडून तुम्ही सॉफ्टवेअरची किंवा क्लाउडची महिन्याची वर्गणी घेत असाल, तर तिची पावती एकदा उघडून पाहा. महाराष्ट्रातल्या दुकानाचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. भारतात ठाणे नसलेल्या परदेशी विक्रेत्याचा क्रमांक ९९ ने सुरू होतो आणि पुढे त्याच्या देशाची तीन अक्षरे असतात. त्याखाली १८ टक्के एकात्मिक कराची ओळ असते. या विक्रेत्यांना राज्याराज्यांत नोंदणी करावी लागत नाही. सगळ्यांसाठी बंगळुरूचे एकच कार्यालय आहे. एक सोपा अर्ज आणि दरमहा एक विवरणपत्र भरले की काम झाले. हा कर वापरावरचा आहे, नफ्यावरचा नाही, हे खरे. पण ग्राहक जिथे, कर तिथे, हे तत्त्व इथे भांडणाशिवाय मान्य झाले आहे. नियम सोपा असेल आणि सगळ्यांना सारखा असेल, तर हजारो मैलांवरची कंपनीही भारतात कर भरते.

टेबलाशी जागा

राष्ट्रसंघाच्या काळात भारत ब्रिटिशांच्या ताब्यात होता. ज्या नियमांनी कोलकात्याच्या खटल्याचा निकाल ठरला, ते लिहिताना वसाहतींना आवाज नव्हता. पुढे ते नियम ओईसीडीने सांभाळले आणि भारत तिचा सदस्य नाही. म्हणून आफ्रिकी देशांनी पुढाकार घेऊन हा विषय संयुक्त राष्ट्रांकडे नेला, याचे महत्त्व मोठे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आमसभेने जागतिक कर सहकार्याच्या कराराची रूपरेषा ११९ विरुद्ध ९ मतांनी मान्य केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा अमेरिका पहिल्याच बैठकीतून बाहेर पडली. बाकीचे देश बसून राहिले. मुख्य करारासोबत दोन पूरक करार व्हायचे आहेत आणि त्यातला पहिला याच प्रश्नावर आहे: डिजिटल जगात सीमेपलीकडून दिलेल्या सेवांच्या उत्पन्नावर कर कोणी घ्यायचा.

भारताने तिथे ठामपणे बोलले पाहिजे. समानीकरण शुल्क गेले, म्हणून हक्क गेला असे मानू नये. लक्षणीय आर्थिक अस्तित्वाची तरतूद आपल्या कायद्यात आहे आणि तिला करारांत जागा मिळवून देणे हे पुढचे काम आहे. ते करताना कर नफ्यावर बसेल, छोट्या जाहिरातदाराच्या माथी जाणार नाही, याचाही आग्रह हवा. आपल्याकडे या विषयाची चर्चा सनदी लेखापाल आणि वकील यांच्यापुरतीच राहते. वास्तविक ज्या नफ्याबद्दल हे सगळे चालले आहे, तो आपल्या रोजच्या शोधातून, खरेदीतून आणि वर्गणीतून तयार होतो. त्यातला वाटा शाळेला, दवाखान्याला, रस्त्याला मिळावा असे वाटणाऱ्या प्रत्येकाने या वाटाघाटींकडे लक्ष ठेवावे. त्या २०२७ मध्ये पूर्ण करायच्या, असे ठरलेले आहे.